गाजरं पुन्हा मातीत: चार महिन्यांचा अनुभव

दिवाळी झाल्यावर आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) तीन बाय दोनचा, तीन फूट खोल खड्डा खांदला. थंड देशातले लोक हिवाळाभर भाजी जमिनीत ठेवतात, ते व्हिडिओत बघितलं होतं. माय म्हणाली, "मातीतनंच काढलीस की रे, आन पुन्हा मातीतच घालायलास?" फेब्रुवारी संपत आलाय, आता खरं काय ते सांगतो.

जागा मुरमाड घ्या. काळं रान वाळलं की भेगाळतं. जुनी ज्वारीची पेवंसुद्धा, म्हणजे धान्य साठवायचे जमिनीतले खड्डे, गावठाणाच्या पांढऱ्या मातीत असायची. (पेव उघडलं की लगेच आत उतरत नसत, आतली हवा जीवघेणी असते. माझ्या खड्ड्यात डोकं बाहेरच राहतं.) तळाला वाळू, गाजरांचा थर, पुन्हा वाळू, वरून तुराट्या आणि बारदाना. वाळू मुठीत दाबली की लाडू वळावा, पण बोटांतून पाणी गळू नये.

दोरीनं थर्मामीटर सोडला. डिसेंबरातल्या पहाटे बाहेर १०, खड्ड्यात २३! गोम इथंच आहे. खालची माती वर्षाच्या सरासरी तापमानाच्या आसपास राहते. गाजराला ० ते ४ अंश लागतात. थंड मुलखात ते फुकट मिळतात, आपल्याकडं नाही. आपल्या खड्ड्यात मिळते ती फक्त ओल. मग रात्री झाकण काढून पहाटे पुन्हा झाकायला लागलो, तेव्हा कुठं १९ वर आलं.

आल्याचं बेणं एक नंबर राहिलं, डोळे टपोरे. सुरण, रताळीही चांगली. पाला कापलेली गाजरं तीन आठवडे कडक होती, मग पांढरी मुळं फुटून मधला दांडा लाकडासारखा झाला. पाल्यासकट ठेवलेली आठ दिवसांत मऊ पडली. बटाट्याला जानेवारीत कोंब. लसूण घातला ही शुद्ध चूक, त्याला वारा लागतो, वास आखाडाभर. एका रात्री घुशीनं बाजूनं बोगदा पाडून रताळी नेली, तेव्हा ३०० रुपयांची जाळी लावली. ती आधीच लावा.

टोमॅटो-कोथिंबिरीसाठी खड्डा नाहीच. त्याला दिल्लीच्या पुसा संस्थेचा शून्य ऊर्जा शीतकक्ष बरा: जमिनीवर विटांची दुहेरी भिंत, मधल्या ७.५ सेंमी फटीत ओली वाळू. पाणी उडून जाताना गारवा होतो, आणि आपली कोरडी हवा त्याला सोयीचीच. विटा आणून टाकल्यात. वाळूवर रोज दोन वेळा पाणी कोण शिंपडणार, यावर घरात अजून एकमत नाही.