सरपण: विकत घ्यावं की स्वतः तोडावं?

हा प्रश्न कोणी विचारला की मी उलट विचारते: लाकूड लागणार कधी? याच हंगामात लागणार असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, वाळलेलं विकत घ्या. आज पाडलेलं झाड आज जळत नाही. बारीक फोडलेल्या हलक्या लाकडाला वाळायला सहाएक महिने लागतात, ओकसारख्या घट्ट लाकडाला वर्ष, कधी दोन वर्षं. स्वतः तोडणारा माणूस नेहमी पुढच्या वर्षाचं जळण तोडत असतो. ज्याला हे जमतं त्याच्यासाठीच हा प्रश्न खुला आहे.

भावाची तुलना सगळेच करतात: विकतचं अमुक रुपये, स्वतः तोडलं तर फुकट. ती फसवी आहे, कारण दोन्ही बाजूंना ‘लाकूड’ म्हणून जे मोजलं जातं ते एकच नसतं. फरक पाण्याचा असतो.

आधी पाण्याचा हिशेब

ताज्या लाकडाच्या वजनात निम्मं पाणी असणं अगदी सामान्य आहे. समजा, वजनावर १०० किलो ओलं लाकूड घेतलं. त्यात लाकूड ५० किलो आणि पाणी ५० किलो. ते वाळून ओलावा २० टक्क्यांवर आला की ढिगाचं वजन भरतं साडेबासष्ट किलो. उरलेले साडेसदतीस किलो तुम्ही पैसे मोजून घरी आणले आणि वाऱ्यावर सोडले. वजनावर विकलं जाणारं ओलं लाकूड कितीही स्वस्त वाटलं, तरी भावाला आधी ६२.५ टक्क्यांनी भागायचं आणि मग वाळलेल्याच्या भावाशी तुलना करायची.

ओलं तसंच जाळलं तर? २० टक्के ओलाव्याच्या एक किलो लाकडातून साधारण ४ युनिट विजेइतकी उष्णता मिळते, निम्मं पाणी असलेल्या किलोतून २ पेक्षा थोडी जास्त. म्हणजे वरच्या १०० किलोंतून ओलं जाळून सुमारे २२० युनिट, वाळवून जाळलं तर २५०. कागदावर फरक एवढाच. मलाही हे पहिल्यांदा वाचून वाटलं होतं, मग वाळवण्याचा खटाटोप हवा कशाला?

खरं नुकसान कागदावर दिसत नाही, धुरात दिसतं. लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता निखाऱ्यात नसते, तापल्यावर बाहेर पडणाऱ्या वायूंत असते. ज्वाळा दिसते ती त्या वायूंची. ओल्या लाकडातलं पाणी आग थंड ठेवतं, वायू पेट घेत नाहीत आणि धूर होऊन धुराड्यातून निघून जातात. जाताना थोडे आतल्या भिंतीला चिकटतात आणि डांबरासारखा काळा थर साचतो. हा थर पेटला की धुराड्यालाच आग लागते, आणि ती विझवणं सोपं नसतं. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, तो भाग वेगळाच.

विकत घेताना काय मिळतं

विकतच्या लाकडात तुम्ही वेळ विकत घेता. कोणीतरी वर्षभर जागा अडवून, रचून, वरून झाकून ते वाळवलेलं असतं. निदान तसं सांगितलेलं असतं.

माझ्याकडे एकदा ‘पूर्ण वाळलेलं’ म्हणून गाडीभर लाकूड आलं. वरचा थर खणखणीत होता. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टण्ण आवाज यायचा, टोकांना चाकाच्या आऱ्यांसारख्या भेगा. खालचे तुकडे आपटले तर थप्प. एक फोडून आतल्या ताज्या पृष्ठभागावर ओलावा मोजायच्या मीटरच्या दोन सुया टोचल्या, तर आकडा ३८. विकणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला, ताई, उन्हात टाका चार दिवस. चार दिवसांनी साल वाळली, आतलं लाकूड जसंच्या तसं. ते पुढच्या वर्षापर्यंत पडून राहिलं. वाळलेल्याचे पैसे मोजून वाळवायचं काम मात्र मीच केलं.

म्हणून गाडी रिकामी करायच्या आधी ढिगाच्या पोटातला एखादा जाड तुकडा काढून फोडून बघा. बाहेरून टोचलेल्या सुयांवर विश्वास ठेवू नका, बाहेरचा भाग नेहमी कोरडाच दिसतो. आणखी एक बारकावा: हे मीटर कोरड्या लाकडाच्या वजनाच्या तुलनेत पाणी दाखवतात. त्यामुळे एकूण वजनाच्या २० टक्के ओलावा असेल तर मीटरवर २५ दिसतात. घासाघीस करताना दोघांचे टक्के एकच आहेत ना, हे पाहून घ्यावं. भेगासुद्धा काहीतरी सांगतात. लाकूड ३० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत आकसत नाही, त्याखाली गेलं की आकसतं आणि तडकतं. भेगा पडल्यात म्हणजे वाळायला सुरुवात झाली आहे, वाळणं संपलं आहे असं नाही.

मापाचा घोळही समजून घ्यायला हवा. वजनावर घेतलं तर पाणी विकत येतं, आकारमानावर घेतलं तर हवा. नीट रचलेल्या एक घनमीटर ढिगात निव्वळ लाकूड दोन तृतीयांशाच्या आसपास असतं, गाडीत नुसतं फेकलेलं असेल तर निम्म्याच्याही खाली जाऊ शकतं. अमेरिकेत आणि कॅनडात चालतं ते ‘कॉर्ड’ हे माप ४ × ४ × ८ फूट, म्हणजे १२८ घनफूट, पण तेही रचलेल्या ढिगाचं. त्यात लाकूड भरतं ८० ते ९० घनफूट. ‘गाडीभर’ हे मापच नव्हे. रचून मोजू आणि मग पैसे देऊ, असं म्हणून बघा; प्रामाणिक विकणारा कुरकुरेल, पण ऐकेल.

जात विचारावी का? आकारमानावर घेत असाल तर जरूर. किलोला किलो सगळी वाळलेली लाकडं जवळपास सारखीच उष्णता देतात, पण बाभळीचा एक घनमीटर पांगाऱ्याच्या घनमीटरपेक्षा कितीतरी जड असतो. वजनावर घेत असाल तर जातीपेक्षा ओलावा महत्त्वाचा. रंगवलेलं किंवा वाळवीविरोधी औषध लावलेलं जुनं लाकूड फुकट मिळालं तरी जाळू नये, आणि कण्हेरीचा तर धूरही विषारी.

लाकूड शक्यतो जवळपासचंच घ्यावं. वाहतुकीचा खर्च हे एक कारण, सालीखालची कीड हे दुसरं. उत्तर अमेरिकेत २००२ साली सापडलेल्या ‘एमराल्ड ॲश बोअरर’ या हिरव्या भुंगेऱ्याने ॲशची कोट्यवधी झाडं मारली, आणि तो दूरदूर पोहोचला त्यात सरपणाच्या गाड्यांचा मोठा वाटा होता.

स्वतः तोडायचं म्हणजे किती कामं

लोकांच्या डोळ्यांसमोर झाड पाडण्याचं चित्र असतं. प्रत्यक्षात पाडणं हे सगळ्यांत छोटं काम आहे आणि सगळ्यांत धोक्याचं. मध्यम झाड अर्ध्या तासात आडवं होतं. मग फांद्या उतरवा, बुंध्याचे तुकडे करा, ते वाहून आणा, फोडा, रचा. यातल्या वाहण्याने कंबर मोडते, कारण तुम्ही तेच पाणी वाहत असता. ४० सेंटिमीटर जाड आणि ३५ सेंटिमीटर लांब ओला ओंडका ४०-४५ किलो भरतो. जाडी दीडपट, म्हणजे ६० सेंटिमीटर केली की वजन सव्वादोनपट होऊन शंभरीला टेकतं. झाडापर्यंत गाडी जात नसेल तर त्या ‘फुकट’ लाकडाचा विचार मी सोडून देईन.

झाड कोणाचं, हा प्रश्न त्याच्याही आधीचा. स्वतःच्या आवारातलं असलं तरी अनेक ठिकाणी तोडायला लेखी परवानगी लागते, आणि जंगलातल्या पडलेल्या लाकडालाही मालक असतोच.

चेनसॉ म्हणजे फिरत्या दातेरी साखळीने कापणारी इंजिनाची करवत; तिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुलनेच्या गणितात हा खर्च सगळे विसरतात. मशीन, साखळीचं तेल, पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल, धार लावायची गोल कानस, कानांचं आणि डोळ्यांचं संरक्षण, जाळीचा मुखवटा असलेलं हेल्मेट. शिवाय ती खास पँट, जिच्यातले लांब तंतू साखळीत अडकून ती जागच्या जागी थांबवतात. हे सगळं मिळून मशीनइतकाच खर्च होऊ शकतो आणि त्यातलं काहीही वगळण्यासारखं नाही. साखळी सेकंदाला २० मीटरच्या आसपास वेगाने फिरत असते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला तर मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं, आणि हात आवरायच्या आत ते घडून गेलेलं असतं.

पाडण्याची रीत पुस्तकात सोपी दिसते. पडायच्या बाजूला जाडीच्या पाव ते पाचव्या हिश्शाइतकी खाच घ्यायची, मग मागून काप द्यायचा आणि मधे जाडीच्या दहाव्या भागाइतकी पट्टी बिजागरीसारखी शिल्लक ठेवायची. ती पट्टीच झाड वळवते. ती कापली गेली की झाड तुमचं ऐकत नाही. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरं कोणी नको, आणि मागे तिरकं पळायला वाट आधीच मोकळी केलेली हवी. झुकलेलं, दुसऱ्या झाडात अडकलेलं किंवा उभं वाळलेलं झाड नवशिक्याने हातच लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वाळलेल्या झाडाचा मोह होतो, कारण ते अर्धं वाळलेलंच असतं. पण त्याच्या फांद्या नुसत्या हादऱ्यानेही डोक्यावर येतात.

फोडण्याचं काम मात्र मला मनापासून आवडतं. धारदार कुऱ्हाड आत रुतून बसते. फोडायला जाड, पाचरीसारख्या पात्याची तीन-साडेतीन किलोंची कुऱ्हाड लागते, जी कापत नाही, दोन बाजूंना रेटते. ओंडका ठोकळ्यावर उभा करायचा आणि आधी त्याच्याकडे बघायचं. गाठ कुठे आहे, भेग कोणत्या दिशेने गेली आहे. नवखा मधोमध घाव घालतो, जाड ओंडका ढिम्म हलत नाही. कडेने ढलप्या काढत आत गेलं की तोच ओंडका मुकाट्याने मोकळा होतो. जुन्या टायरमध्ये उभा केला तर फाळ्या उडून पायावर येत नाहीत आणि दर घावाला वाकावंही लागत नाही. बहुतेक लाकडं ओली असतानाच चांगली फुटतात, म्हणून ‘वाळू दे, मग फोडू’ हा बेत दोन्हीकडून तोट्याचा: फोडायला कठीण जातं, आणि न फोडलेला ओंडका साल अंगावर ठेवून वर्षभर आतून ओलाच राहतो.

मग काय करावं

दोनच पर्याय आहेत असं धरून लोक अडकतात. मी स्वतः तिसऱ्यावर आले: पाडायचं काम दुसऱ्याचं, फोडायचं माझं. झाड पाडणाऱ्या माणसांना ओंडके नकोसे झालेले असतात, आणि दारात आणून टाकायला ते फोडलेल्या वाळलेल्या लाकडापेक्षा बरेच कमी पैसे घेतात. धोक्याचं आणि कंबरतोड असं दोन्ही काम त्यांच्याकडे राहतं, माझ्याकडे कुऱ्हाड, वारा आणि वाट पाहणं. या सौद्यात ओलं लाकूड घ्यायला हरकत नाही, फक्त ते वजनावर घेऊ नये.

तरीही काही परिस्थितींत निर्णय सरळ असतो. ढीग रचायला ऊन-वाऱ्याची जागा नसेल तर वाळलेलं विकत घ्या, पण थोडं थोडं. बंद खोलीत ओलं लाकूड वाळत नाही, त्यावर बुरशी येते. पाठीचं किंवा खांद्याचं दुखणं असेल तरी तेच. जळण वर्षाकाठी जेमतेम घनमीटरभर लागत असेल तर चेनसॉचा खर्च फिटायला कित्येक वर्षं जातील, त्यापेक्षा हातकरवत आणि पडलेल्या फांद्या बऱ्या. आणि आवारात दरवर्षी छाटणी होते, दोन वर्षांचा ढीग राहील एवढी जागा आहे, मशीन नीट शिकवणारा कोणी जवळ आहे, अशी स्थिती असेल तर विकत घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

रचण्याबद्दल एवढंच, की खाली दोन आडव्या बल्ल्या किंवा विटा टाकून लाकूड जमिनीपासून उचला आणि फक्त वरून झाका. ताडपत्री चारी बाजूंनी गुंडाळली तर आतली वाफ आतच कोंडते.

वाळलं की नाही हे मीटर नसतानाही कळतं. ढिगाच्या मधल्या थरातली एक फाळी मी दर पंधरा दिवसांनी तराजूवर ठेवते आणि खडूने तिच्यावरच वजन लिहिते. सलग दोन-तीन वेळा आकडा हलला नाही की ढीग तयार. सध्याच्या फाळीवर वरून खाली लिहिलं आहे: ३ किलो १२०, २ किलो ८४०, २ किलो ६९०. अजून उतरतंय, म्हणून या वेळचं जळण मी विकत आणलंय.