भारत गृह रक्षा पॉलिसी: नवं घर घेणाऱ्यासाठी परीक्षण

घराच्या विम्यात कंपन्यांची तुलना करत बसण्याची गरज आता बरीच कमी झाली आहे. विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी एकच प्रमाण पॉलिसी ठरवून दिली, तिचं नाव भारत गृह रक्षा. आगीचा विमा करणाऱ्या प्रत्येक जनरल इन्शुरन्स कंपनीला ती विकावीच लागते आणि मूळ मजकूर सगळीकडे सारखाच असतो. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, पॉलिसीचं आहे. मत आधीच सांगून टाकतो: पॉलिसी घेण्यासारखी आहे, हप्ताही सहसा गाडीच्या विम्यापेक्षा कमी बसतो. मात्र ती किती रकमेची आणि कुठल्या तारखेपासून, हे प्रस्ताव अर्जात घर घेणाराच लिहितो, आणि क्लेमच्या वेळचा घोळ तिथेच रुजतो.

आधी जमेची बाजू. आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, पाणी तुंबून घरात शिरणं, दरड कोसळणं, जमीन खचणं, गाडी किंवा झाड येऊन आदळणं, दंगल, संप, खोडसाळपणे केलेली नासधूस, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, हे सगळं मूळ पॉलिसीतच आहे. जुन्या स्टँडर्ड फायर पॉलिसीत भूकंप आणि दहशतवाद वेगळे पैसे भरून जोडावे लागत, आणि बरेच जण ते सोडून देत. आता सोडण्याचा प्रश्नच उरला नाही. शिवाय घर राहण्याजोगं उरलं नाही तर दुरुस्ती होईपर्यंतचं पर्यायी घराचं भाडं, आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी क्लेमच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि राडारोडा उचलण्याचा खर्च २ टक्क्यांपर्यंत मिळतो.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे कमी विम्याची वजावट माफ आहे. पूर्वी २० लाखांच्या बांधकामाचा १० लाखांचाच विमा असेल आणि स्वयंपाकघर जळून ४ लाखांचं नुकसान झालं, तर कंपनी प्रमाण लावून २ लाखच देई. इथे तसं प्रमाण लावत नाहीत. अर्जातली माहिती खरी असेल तर विमा रकमेच्या मर्यादेत पूर्ण ४ लाख मिळतात. अर्थात संपूर्ण इमारतच पडली तर १० लाखांच्या वर काही मिळणार नाही, त्यामुळे माफी आहे म्हणून रक्कम मुद्दाम कमी लिहिण्यात शहाणपण नाही.

आता ती रक्कम. फ्लॅट ९० लाखांना घेतला म्हणून ९० लाखांचा विमा मागणारे पुष्कळ भेटतात. त्या ९० लाखांत जागेची किंमत, परिसराचा भाव आणि बिल्डरचा नफा असतो, आणि आग लागून जमीन जळत नाही. या पॉलिसीत इमारतीची विमा रक्कम म्हणजे कार्पेट क्षेत्रफळ (घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा) गुणिले प्रति चौरस मीटर बांधकाम खर्च, बस. समजा कार्पेट ६० चौरस मीटर आहे आणि बाल्कनी ८ चौरस मीटर. बाल्कनी, व्हरांडा, टेरेस, पार्किंग यांचं क्षेत्रफळ २५ टक्केच धरतात, म्हणजे बाल्कनीचे २ मिळवून ६२. बांधकामाचा दर ३०,००० रुपये धरला तर विमा रक्कम होते १८ लाख ६० हजार. ऐकायला कमी वाटते, पण घर पुन्हा उभं करायला लागणारा पैसा तेवढाच असतो. काही कंपन्या फ्लॅटसाठी बाजारभावावर आधारलेली वेगळी पॉलिसी विकतात. तिचा हप्ता जास्त असतो आणि ती ही पॉलिसी नव्हे, हे एजंटकडून नीट वदवून घ्यावं.

या हिशेबात चुका ठरलेल्या आहेत. जुन्या करारनाम्यांत बिल्ट-अप किंवा सुपर बिल्ट-अप, म्हणजे बाहेरच्या भिंती किंवा जिना-लिफ्टसारखी सामाईक जागाही धरलेला आकडा असतो आणि तोच कार्पेट म्हणून अर्जात उतरवला जातो. मग हप्ता जास्त जातो, भरपाई मात्र खऱ्या क्षेत्रफळाचीच मिळते. ऑनलाइन अर्जात रकाना चौरस मीटरचा आणि भरलेला आकडा चौरस फुटांचा, असंही होतं. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, त्यामुळे रक्कम एकदम दहापटीवर जाते. उलट हप्ता वाचवायला क्षेत्रफळ कमी दाखवलं, तर भरपाईही तेवढ्यापुरतीच. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, आल्यानंतरच्या करारनाम्यात कार्पेट स्वच्छ लिहिलेलं असतं, तेच घ्यावं. जुन्या फ्लॅटसाठी टेप लावून आतून मोजलेलं बरं, त्यात आतल्या भिंतींची जाडी धरतात आणि बाहेरच्या भिंतींची सोडतात.

दर कुठून आणायचा, हा खरा अवघड भाग. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यात, म्हणजे आपल्या रेडी रेकनरमध्ये, जागेच्या भावाखेरीज बांधकाम खर्चाचे दरही असतात. तो पाया म्हणून ठीक आहे, पण चांगल्या फरशा, भारी सॅनिटरी फिटिंग, मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंग त्यात बसत नाही. ओळखीच्या आर्किटेक्टला किंवा सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्याला आजचा दर विचारावा. भिंतीला, छताला किंवा जमिनीला कायमचं बसवलेलं सामान पॉलिसीच्या भाषेत इमारतीचाच भाग असतं, म्हणून इंटिरिअरवर ८ लाख घातले असतील तर ते इमारतीच्या रकमेत मिळवून घ्यावेत आणि तसं कंपनीला ई-मेलने कळवावं. फोनवरच्या ‘हो सर, कव्हर आहे’ला क्लेमच्या वेळी काडीची किंमत नसते.

घरातल्या सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, आपोआप धरलेले असतात. यादी द्यावी लागत नाही. वरच्या उदाहरणात ते ३ लाख ७२ हजार होतात. फ्रिज, वॉशिंग मशिन, टीव्ही, दोन लॅपटॉप, पलंग, सोफा, कपडे आणि भांडी असा आजच्या किमतीने हिशेब केला, तर तीन-चार जणांच्या घराला हे बहुधा पुरत नाही. भरपाई नव्या वस्तूच्या किमतीने मिळते, म्हणून हिशेबही नव्या किमतीचाच करावा आणि वरची रक्कम जाहीर करून वाढवून घ्यावी. दागिने, चांदीची भांडी, चित्रं, जुन्या दुर्मिळ वस्तू यांचं कव्हर ऐच्छिक आहे. एकूण ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही, त्यापुढे लागतो. रोख रक्कम, नाणी, सोन्याची बिस्किटं आणि गाड्या यात येत नाहीत.

पॉलिसीचा सगळ्यात मोठा तोटा चोरीचा. साधी घरफोडी मूळ पॉलिसीत नाही. आग, पूर किंवा दंगल यांसारखी विमा असलेली घटना घडली आणि तिच्यामुळे ७ दिवसांच्या आत चोरी झाली, तरच ती धरतात. लग्नाला गावी गेलो आणि कुलूप तोडलं, याला एक रुपया नाही. त्यासाठी घरफोडीचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. कंपन्यांची तुलना करायची ती इथे आणि अशाच जोड-कव्हरांत: चोरी, उपकरणांचा बिघाड, शेजाऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी. बिघाडाचं वेगळं सांगायला हवं, कारण शॉर्ट सर्किटने खुद्द जे यंत्र जळालं त्याची भरपाई नाही. त्या ठिणगीने पडदे आणि कपाट पेटलं तर त्यांची आहे.

ओल आणि गळती हा दुसरा भ्रमनिरास. पाइप फुटून फरशी उखडली, तर क्लेम होतो. वरच्या बाथरूममधून महिनोन्‌महिने झिरपत राहिलेलं पाणी, पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला येणारी ओल, पोपडे धरणारं प्लास्टर यांतलं काही विम्याच्या घटनांत मोडत नाही. नव्या इमारतीच्या नेहमीच्या भेगा, पाया बसताना पडलेले तडे, सदोष बांधकाम किंवा निकृष्ट माल हेही वगळलेलं आहे. त्यासाठी बिल्डरला धरायचं: रेराच्या कलम १४ नुसार ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर त्याने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. हे विमा कंपनीकडे मागत बसलात तर ती मुदत मात्र निघून जाते.

तारखेकडे येऊ. विमा राहायला गेल्या दिवसापासून घ्यायचा, अशी समजूत आहे आणि ती महाग पडू शकते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे मालकी खरेदीदाराकडे आली की नुकसानीचा धोकाही त्याच्याकडे येतो. मग सामान हललं असो वा नसो. जुना फ्लॅट घेताना मालकाची पॉलिसी आपल्याकडे आपोआप येईल, असंही धरून चालू नये. खरेदीखत नोंदवण्याच्या दिवशी इमारतीचं कव्हर सुरू व्हावं आणि सामानाचं ते घरात येईल तेव्हा. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला ही पॉलिसी लागू होत नाही; भिंती आणि छत असलेलं, राहण्यासाठीचं तयार घर हवं. मालक दोघं असतील तर पॉलिसीवर दोघांची नावं करारनाम्यात आहेत तशीच असावीत.

ताबा आणि मुक्काम यांच्या मधले इंटिरिअरचे दोन-तीन महिने सगळ्यात नाजूक. वेल्डिंग, पॉलिशचे डबे, तात्पुरती वायरिंग, आणि घर रिकामं. भिंती पाडणं किंवा स्लॅबला हात लावणं असेल, तर कंपनीला आधी कळवावं. बाल्कनी आत घेऊन कार्पेट १० टक्क्यांहून जास्त वाढलं आणि जादा हप्ता भरून नोंद केली नाही, तर त्या वाढीव भागाला संरक्षण नाही. घर भाड्याने देणार असाल किंवा बराच काळ बंद ठेवणार असाल, तेही लेखी कळवायचं.

सामान हलवताना टेम्पोत असलेल्या सामानाला ही पॉलिसी हात लावत नाही. पॅकर्सवाले ट्रान्झिट इन्शुरन्सच्या नावाखाली टक्केवारी घेतात. विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक आणि तुमच्या सामानाची किंमत असलेला कागद गाडी सुटायच्या आत हातात नसेल, तर ते पैसे कशाचे, हा प्रश्न त्यांना जरूर विचारा.

गृहकर्ज असेल तर बँक फाइलमध्ये विमा घालतेच. तो कोणता, ते बघा. अनेकदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असतो. कर्जदार गेला तर कर्ज फिटतं, घर जळालं तर काही नाही. दोन्हींची नावं इतकी सारखी असतात की सही करताना फरक कळत नाही. हप्ता कर्जात मिळवला तर त्यावर कर्जाच्या मुदतीभर व्याज चालू राहतं. बँकेने सुचवलेल्याच कंपनीची पॉलिसी घ्यायची सक्ती नाही. बाहेरून घेऊन बँकेचं नाव त्यावर नोंदवून द्या. क्लेमचे पैसे थकीत कर्जापुरते आधी बँकेकडे जातात, म्हणून कर्ज फिटल्यावर ते नाव काढून घ्यायला विसरू नका.

मुदत १० वर्षांपर्यंत मिळते. एकापेक्षा जास्त वर्षांच्या पॉलिसीत दर वर्षी विमा रक्कम जादा हप्त्याविना १० टक्क्यांनी वाढते, मूळ रकमेच्या दुपटीपर्यंत. आपले १८ लाख ६० हजार दुसऱ्या वर्षी २० लाख ४६ हजार होतात. पूर्ण हप्ता एकदम भरावा लागतो, त्यावर १८ टक्के जीएसटी. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा कर गेला, घराच्या विम्याला ती कृपा लाभली नाही.

सोसायटीत घर असेल तर सेक्रेटरीकडून इमारतीच्या पॉलिसीची प्रत मागा. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत आग आणि भूकंपाचा विमा संस्थेने काढायचा आहे, पण कागद पाहिल्याशिवाय धरून चालू नये. त्यात सदनिका आतून धरल्या असतील आणि रक्कम पुरेशी असेल, तर तुम्हाला फक्त सामानाचा विमा काढता येतो. भाडेकरूलाही तेवढाच हवा. एकाच नुकसानीचे पैसे दोन पॉलिसींतून दुप्पट मिळत नाहीत.

क्लेमसाठी तयारी पहिल्याच आठवड्यात होते: प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, उपकरणांचे अनुक्रमांक, बिलांचे फोटो, सगळं घराबाहेर म्हणजे ई-मेलवर. घटना घडल्यावर लगेच कळवायचं आणि सर्व्हेअर (नुकसान मोजायला कंपनी नेमते तो) येईपर्यंत जळकं-भिजकं सामान फेकायचं नाही. पाणी बंद करणं, उरलेलं सामान हलवणं असा आणखी नुकसान टाळणारा उपाय मात्र लगेच करायचा, आधी फोटो काढून. आगीसाठी अग्निशमन दलाचा दाखला, दंगल किंवा चोरीसाठी एफआयआर, पुरासाठी महसूल खात्याचा पंचनामा. २०२४ च्या नियमांनुसार कंपनीने २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, १५ दिवसांत त्याचा अहवाल घ्यायचा आणि पुढच्या ७ दिवसांत निर्णय द्यायचा. नकार आला तर लेखी कारण मागा आणि आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत तक्रार करता येते. वकील लागत नाही, फी नाही, आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला कार्यालयं आहेत.