जुन्या लॅपटॉपवर अँटीएक्स, लुबुंटू की डेबियन? आणि शाळेचा सर्व्हर कशावर?

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला पंधरा-वीस जुने लॅपटॉप दिले की पहिला प्रश्न येतो, 'यावर कोणतं लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकायचं?' अँटीएक्स, लुबुंटू आणि डेबियन ही त्याचीच तीन रूपं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित अपडेट थांबल्यापासून हा प्रश्न वाढलाय. उत्तराआधी दोन गोष्टी बघा: रॅम किती आहे आणि प्रोसेसर ३२ बिटचा की ६४ बिटचा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

उरलेला निम्मा ब्राउझर ठरवतो. नुसता डेस्कटॉप सुरू झाल्यावर अँटीएक्स साधारण २०० एमबी रॅम घेतं, डेबियनवरचा एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप ४०० ते ५०० आणि लुबुंटू २४.०४ त्याहून थोडी जास्त. पण तीन-चार टॅब उघडले की आणखी एक जीबी सहज जाते, खाली कोणतंही लिनक्स असो. म्हणून १ जीबीच्या मशीनवर ३०० एमबी वाचले तर ते मशीन तगतं. ४ जीबी असेल तर त्या बचतीसाठी डोकं खाजवू नका.

१ जीबी रॅम किंवा ३२ बिट प्रोसेसर असेल तर अँटीएक्स २३. आइसडब्ल्यूएम हा त्यातला विंडो मॅनेजर (खिडक्या आणि मेन्यू दाखवणारा प्रोग्रॅम) दिसायला जुनाट आहे, पण झटपट चालतो. अडचण वेगळी आहे: अँटीएक्समध्ये सिस्टमडी, म्हणजे बहुतेक लिनक्समध्ये मागच्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम, नाही. त्यामुळे इंटरनेटवर सापडलेल्या, सेवा चालू-बंद करण्याच्या निम्म्या सूचना इथे लागू पडत नाहीत आणि नवखे शिक्षक तिथेच अडकतात. शिवाय अँटीएक्स २३ ज्यावर उभं आहे त्या डेबियन १२ चे दीर्घकालीन अपडेट २०२८ पर्यंतच आहेत, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही. अशा मशीनसाठी नवी रॅम विकत घेऊ नका. टक्स पेंट (चित्रं), टक्स मॅथ (गणिताचे खेळ) आणि टायपिंगचा सराव एवढ्यापुरती ती ठेवा.

२ ते ४ जीबी आणि ६४ बिट असेल तर खरी लढत लुबुंटू (उबुंटूचं हलकं रूप) आणि डेबियनची. दोन्हीकडे डेस्कटॉप तोच एलएक्सक्यूटी, म्हणून मुलांना फरक कळणारही नाही. फरक सांभाळणाऱ्याला कळतो. लुबुंटूतला फायरफॉक्स स्नॅप स्वरूपात, म्हणजे उबुंटूच्या स्वतंत्र बंद पॅकेजात येतो: फिरत्या हार्ड डिस्कवर तो पहिल्यांदा उघडायला रेंगाळतो, स्वतःहून अपडेट होताना मोबाइल हॉटस्पॉटचा डेटा खातो आणि मागची आवृत्तीही जपून ठेवतो. ३२ जीबीच्या ईएमएमसीवर (स्वस्त लॅपटॉपमध्ये डिस्कच्या जागी असलेली चिप) हे परवडत नाही. लुबुंटू २४.०४ ला अपडेट तीन वर्षं म्हणजे एप्रिल २०२७ पर्यंत, डेबियनच्या आवृत्तीला दीर्घकालीन धरून पाच वर्षं. डेबियनवर वायफाय चालत नाही ही तक्रारही आता बरीच जुनी झाली. १२ पासून बहुतेक फर्मवेअर (वायफायसारख्या चिपला चालवणाऱ्या फाइली) इन्स्टॉलरमध्येच असतं. काही ब्रॉडकॉम चिप मात्र अजून छळतात, म्हणून इन्स्टॉल करताना केबल जोडून ठेवा. आमचं मत डेबियनला. शाळेत उबुंटू सरावाचं असलेलं कोणी असेल तरच लुबुंटू घ्या.

एक खास जात लक्षात ठेवा: अॅटम झेड३७३५एफ प्रोसेसरचे छोटे स्वस्त लॅपटॉप, २ जीबी रॅम, ३२ जीबी ईएमएमसी. प्रोसेसर ६४ बिटचा, पण यूईएफआय (मशीन सुरू करणारा अंगभूत प्रोग्रॅम) ३२ बिटचं. लुबुंटूचा पेनड्राइव्ह लावला तर बूट मेन्यूतून तो सुरूच होत नाही आणि लोक पेनड्राइव्ह खराब झाला म्हणून बदलत बसतात. डेबियन १२ चा इन्स्टॉलर यावर सुरू होतो. नंतर मशीन मध्येच गोठत असेल तर प्रोसेसरची खोल निद्रावस्था कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बूट पर्यायात मर्यादित करा, बहुधा थांबतं.

इन्स्टॉल करताना 'ग्राफिकल इन्स्टॉल'च निवडा. मजकुरी इन्स्टॉलरमध्ये मराठीचा पर्याय दिसत नाही. मराठीसाठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कळरचना) पुरत असेल तर डेस्कटॉपच्या कीबोर्ड सेटिंगमध्येच तो लेआउट जोडा, त्यासाठी मागे वेगळा प्रोग्रॅम चालवावा लागत नाही. रोमन अक्षरांतून मराठी लिहायचं असेल तर आयबस आणि एम१७एन हे टायपिंगचे प्रोग्रॅम लागतील. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या प्रश्नपत्रिका मात्र युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय नीट वाचता येणार नाहीत. हे शिक्षकांना आधीच सांगा, नाहीतर खापर लिनक्सवर फुटेल.

२ जीबीच्या प्रत्येक मशीनवर झेडरॅम (रॅममधला मजकूर दाबून जागा वाचवणारी सोय) लावा: झेडस्टँडर्ड पद्धत, रॅमच्या ५० टक्के. ईएमएमसीवरचा स्वॅप (रॅम भरल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) बंद. एक मशीन मनासारखं झालं की क्लोनझिला या डिस्कची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने त्याची प्रत बाकीच्यांवर टाका. प्रत घेण्याआधी 'मशीन-आयडी'ची (मशीनच्या ओळख क्रमांकाची) फाइल रिकामी करायला विसरू नका, नाहीतर दोन लॅपटॉप एकच आयपी पत्ता मागू शकतात आणि वायफाय आळीपाळीने तुटतं. प्रत सर्वांत लहान डिस्कच्या मशीनवरून घ्या. ३२ जीबी लिहिलेल्या दोन डिस्क क्वचितच तंतोतंत सारख्या असतात.

आता सर्व्हर. 'शाळेचा सर्व्हर' म्हणताना लोकांच्या मनात दोन वेगळी कामं असतात. पहिलं, सगळी मशीन नेटवर्कवरूनच बूट करणं, म्हणजे एलटीएसपी. एका जागी बदल केला की सगळीकडे लागू, ही चैन मोठी आहे. पण वायफायवरून हे जमत नाही: प्रत्येक बाकापर्यंत केबल, गिगाबिट स्विच आणि सर्व्हरला पुरेशी रॅम हवी. प्रोग्रॅम विद्यार्थ्याच्या मशीनवरच चालतात, त्यामुळे १ जीबीचा लॅपटॉप एलटीएसपीने वेगवान होईल ही आशा सोडा. पक्की संगणक खोली असेल तरच याच्या वाटेला जा.

दुसरं काम, इंटरनेटशिवाय मजकूर पुरवणं. फिरत्या लॅपटॉपसाठी हेच योग्य. कोलिब्री हा इंटरनेटशिवाय धडे दाखवणारा प्रोग्रॅम टाका, त्याचा इंटरफेस मराठीत मिळतो. किविक्स या इंटरनेटशिवाय साइट वाचण्याच्या प्रोग्रॅमवर मराठी विकिपीडिया ठेवा. सोबत 'एपीटी-कॅशर-एनजी' लावलं की वीस लॅपटॉपचे अपडेट एकदाच उतरतात.

हे रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा स्वस्त संगणक) करावं का? त्याच्या 'पाय ४' या आवृत्तीला हे झेपतं, वीजही कमी लागते. पण भारनियमनात वीज झटक्यात गेली की एसडी कार्डावरची फाइल सिस्टम बिघडते, आणि पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसल्याने इंटरनेटशिवाय तारीख चुकते. तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित साइट नाकारतो. जुन्या लॅपटॉपमधल्या घड्याळाचा सीआर२०३२ सेल संपला तरी हेच होतं, आणि दोष मात्र नेटवर्कला लागतो. दान आलेल्यांपैकी ४ जीबीचा, बॅटरी अजून तासभर टिकणारा एक लॅपटॉप सर्व्हर करा. यूपीएस आयताच मिळतो. वायफायसाठी केबलने वेगळा अॅक्सेस पॉइंट जोडा, लॅपटॉपच्या अँटेनावर पूर्ण वर्ग चालत नाही. आणि झाकण मिटल्यावर झोपण्याची सवय सिस्टमडीतल्या 'लॉगिनडी'च्या सेटिंगमधून बंद करा, नाहीतर खोली आवरताना कोणीतरी झाकण लावेल आणि वर्गात कोलिब्री उघडेनासं होईल.