लोकलसेंड: जुन्या लॅपटॉपमधलं सगळं नव्यात, पेनड्राइव्ह न लावता

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बऱ्याच घरांत जुन्या लॅपटॉपशेजारी नवा येऊन बसला. आता फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा इकडून तिकडे न्यायचा कसा? पेनड्राइव्हवर सगळं दोनदा कॉपी करावं लागतं, शिवाय तो फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहेच. लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथे अडतो. आणि शेजारच्या टेबलावर फाइल न्यायला ती आधी इंटरनेटवर चढवायची न् मग उतरवायची, हा तर निव्वळ वेळेचा अपव्यय.

या कामासाठी लोकलसेंड हे ॲप आम्ही बिनधास्त सुचवतो. दोन्ही कॉम्प्युटर एकाच राउटरवर असले की ते फाइल थेट एकातून दुसऱ्यात पाठवतं. फुकट आहे, ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता येतो असं) आहे, जाहिरात नाही, खातं उघडायला लागत नाही. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयफोन, सगळीकडे चालतं. जुना कॉम्प्युटर विंडोज ७ वर असेल तर मात्र १.१५.४ हीच आवृत्ती घ्यावी लागते, त्यापुढच्या तिथे चालत नाहीत. डेटा घरच्या राउटरच्या बाहेर जात नाही आणि वाटेत एन्क्रिप्टेड, म्हणजे तिसऱ्याला वाचता न येणारा, असतो.

वापरायला सोपं. दोन्हीकडे ॲप उघडायचं, पाठवणाऱ्याने 'सेंड'मध्ये फोल्डर निवडायचं, खाली दिसणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरच्या नावावर क्लिक करायचं, समोरच्याने 'ॲक्सेप्ट' म्हणायचं. फाइल्स कुठे उतरवायच्या ते सेटिंग्जमध्ये आधीच ठरवून घ्या, नाहीतर सगळं डाउनलोड्समध्ये जाऊन पडतं. 'क्विक सेव्ह' चालू केलं की येईल ती फाइल न विचारता घेतली जाते. हॉस्टेलच्या किंवा ऑफिसच्या वायफायवर ते बंदच ठेवा.

खरी अडचण एकच येते: दुसरा कॉम्प्युटर दिसतच नाही. दोष बहुतेकदा ॲपचा नसतो, नेटवर्कचा असतो. विंडोजमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन नेटवर्क 'पब्लिक'चं 'प्रायव्हेट' करा. ॲप पहिल्यांदा उघडताना आलेली फायरवॉलची (नेटवर्कवरून येणारी जोडणी अडवणाऱ्या विंडोजच्या पहारेकऱ्याची) खिडकी घाईत 'कॅन्सल' केली असेल, तर फायरवॉलच्या यादीत जाऊन लोकलसेंडला परवानगी द्या. फायरवॉलचा नियम हाताने लिहिणार असाल तर पोर्ट क्रमांक ५३३१७ उघडा, टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही प्रकारांसाठी. मॅकवर सेक्वोया या मॅकओएसच्या आवृत्तीपासून पुढे 'लोकल नेटवर्क'ची परवानगी वेगळी द्यावी लागते. व्हीपीएन चालू असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा. गेस्ट वायफायवर एपी आयसोलेशन असतं, म्हणजे त्यावरची उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच सोय केलेली असते.

आपल्याकडे आणखी एक घोळ हमखास आढळतो. फायबरवाल्याचा डबा बाहेरच्या खोलीत आणि आतल्या खोलीसाठी त्याला जोडलेला दुसरा राउटर. ती वायर दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेटच्या वायरसाठीच्या खाचेत) असेल तर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. एका लॅपटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १९२.१६८.१ ने सुरू होतो, दुसऱ्याचा १९२.१६८.० ने, आणि ॲपला समोरचा सापडत नाही. तात्पुरता उपाय म्हणजे दोन्ही लॅपटॉप एकाच वायफायला जोडा. कायमचा उपाय म्हणजे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न बनवता पहिल्याचंच वायफाय पुढे पसरवतो. 'रिसीव्ह'च्या पानावर नावाखाली #१०३ असा आकडा दिसतो, तो आयपीचा शेवटचा भाग असतो. एकाच नेटवर्कवर असूनही नाव आपोआप येत नसेल तर 'सेंड'मध्ये तो आकडा हाताने टाकून बघा.

वेग पूर्णपणे तुमच्या जोडणीवर अवलंबून. गर्दीच्या २.४ गिगाहर्ट्झवर सेकंदाला ५ एमबी मिळाले तर १०० जीबीला साडेपाच तास लागतील. दोन्ही लॅपटॉप वायफायवर असले की प्रत्येक फाइल हवेतून दोनदा जाते, म्हणून निदान एक तरी वायरने राउटरला जोडा, आणि वायफाय ५ गिगाहर्ट्झचं वापरा. दोन्ही वायरवर असतील आणि राउटरचे पोर्ट गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिटचे) असतील तर जोडणी सेकंदाला ११० एमबीच्या आसपास देऊ शकते, म्हणजे तेच काम साधारण पाऊण नव्हे, पाव तासाचं. विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड १०००/१००० दिसायला हवा. १००/१०० दिसला तर पोर्ट जुना आहे किंवा केबलच्या आठ तारांपैकी एखादी तुटलेली आहे. गिगाबिटला आठही तारा लागतात, १००ला चारच पुरतात, त्यामुळे खराब केबलसुद्धा मुकाट्याने चालत राहते. कॅट ५ई केबल पुरेशी आहे.

उणिवा दोन, आणि दोन्ही खऱ्या. मध्येच तुटलं तर ॲप ती फाइल अर्ध्यावरून पुढे नेत नाही, म्हणून काम सुरू करण्याआधी दोन्हीकडचं स्लीप बंद करा आणि चार्जर लावा. दुसरं, प्रत्येक फाइल वेगळी पाठवली जात असल्याने हजारो बारीक फाइल्स असल्या की वेग कोसळतो. अशी फोल्डरं आधी झिप करा. अख्खी डिस्क हलवायची असेल तर मात्र लोकलसेंडचा नाद सोडा. विंडोजचं फोल्डर शेअरिंग आणि सोबतच येणारी रोबोकॉपी ही कॉपी करण्याची आज्ञा वापरा. तुटलं तर तीच आज्ञा पुन्हा दिली की आधी पोचलेल्या फाइल्स वगळून ती पुढे जाते. शेअरिंगसाठी खात्याला पासवर्ड हवाच, लॉगिनचा पिन तिथे चालत नाही.

जुना लॅपटॉप पुसण्याआधी दोन्हीकडच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइल्सची संख्या आणि बाइटमधला आकार ताडून बघा, 'साइझ ऑन डिस्क' नव्हे. टॅली बंद करूनच तिचं डेटा फोल्डर पाठवा. आणि शिवाजी किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली पत्रं असतील तर विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून ते फाँटही उचला. ते नव्या कॉम्प्युटरवर नसले तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.