डिझेल, डिग्रीजर की वॉशिंग सेंटर? बुलेटचं इंजिन आणि क्रोम कशाने साफ करावं

दसरा जवळ आला की रत्नागिरीत दारोदारी गाड्या धुवायला निघतात. चार महिने पाऊस, लाल चिखल आणि खारा वारा सोसलेली गाडी पूजेला उजळून उभी करायची, म्हणून हाताला लागेल ते वापरलं जातं. डिझेल, धुण्याची पावडर, भांड्यांची तारेची घासणी, काहीही. यातलं जवळपास सगळं मी माझ्या बुलेटवर करून पाहिलंय. तुम्ही काय निवडायचं ते ठरवत असाल तर आधी एवढं लक्षात घ्या की इंजिनाला जे चालतं ते क्रोमला, म्हणजे लोखंडी भागांवरच्या चकचकीत मुलाम्याला, चालेलच असं नाही. दोन्हींचा विचार वेगळा करा.

इंजिनापासून सुरुवात करू. रेशनचं रॉकेल मिळेनासं झाल्यापासून गॅरेजात डिझेलच चालतं. ब्लॉकच्या खाली, चेनच्या पुढच्या चक्राजवळ ऑइल आणि धुळीची जी काळी खरवड बसते, ती डिझेलइतकी झटपट दुसऱ्या कशानेच सुटत नाही, आणि खर्चही किरकोळ. पण डिझेल पूर्ण वाळत नाही. त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि आठवड्याभरात त्यावर नवी धूळ चिकटते. रबरी नळ्या आणि बुशही त्याने फुगतात. म्हणून डिझेल वापरलंत तर मागून शाम्पूच्या पाण्याने धुणं आलंच. पेट्रोल मात्र या कामासाठी हातातसुद्धा घेऊ नका. त्याची वाफ साध्या हवेतही एका ठिणगीने पेट घेते.

डिग्रीजर म्हणजे तेलकट मळ सोडवणारं रसायन. पाण्यात मिसळणारं डिग्रीजर डिझेलपेक्षा महाग पडतं, पण धुतल्यावर मागे काही उरत नाही. मी आता तेच वापरतो. इंजिन हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, कारण तापलेल्या धातूवर डिग्रीजर जागच्या जागी वाळतं आणि डाग धरतं. मग फवारा मारून पाच मिनिटं सोडायचं आणि जुन्या टूथब्रशने फिनच्या, म्हणजे इंजिनावरच्या पातळ धातूच्या पात्यांच्या, एकेका फटीत शिरायचं. या फटींकडे दुर्लक्ष करू नका. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची उष्णता त्यांतूनच बाहेर जाते. तिथे चिखल थापला गेला की इंजिन जास्त तापतं. बाटली घेताना ती ॲल्युमिनियमला चालते का, हे लेबलवर वाचा. तीव्र क्षार असलेलं रसायन ॲल्युमिनियम खातं. धुण्याच्या सोड्यानेही तेच होतं.

हा धडा मला एका वॉशिंग सेंटरवर मिळाला. फोम वॉश करून गाडी आणली आणि वाळल्यावर ॲल्युमिनियमच्या क्लच कव्हरवर पांढरे चट्टे उठले. ते आजही पुरते गेलेले नाहीत. शिवाय प्रेशरचं पाणी चाकाच्या बेअरिंगमध्ये, हॉर्नमध्ये, वायरींच्या जोडांत शिरतं, आणि दोन दिवसांनी गाडी अडखळायला लागली की कारण सापडत नाही. तरीही एका वेळी मी सेंटरवरच जातो. समुद्राच्या वाळूतून गाडी फिरवून आणली असेल तर त्याच दिवशी खालून साधं पाणी मारून घेतो. तेव्हा फोम नको म्हणून सांगायचं आणि नळी इंजिनापासून हातभर लांब धरायला लावायची.

आता क्रोम. क्रोम स्वतः गंजत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तो थर पाव ते अर्ध्या मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी. त्याखाली निकेल आणि त्याखाली लोखंड. बारीक छिद्रांतून खारी दमट हवा लोखंडापर्यंत पोचते आणि गंज तिथून वर येतो. म्हणून तारेच्या घासणीने घासलंत तर गंजाबरोबर मुलामाही जातो. संडास धुण्याचं ॲसिड तर क्रोम सरळ विरघळवतं.

लेगगार्डवरच्या तांबूस ठिपक्यांसाठी चपात्या गुंडाळायच्या फॉइलइतकं चांगलं काही नाही. फॉइलचा तुकडा चुरगळून पाण्यात बुडवायचा आणि हलक्या हाताने गोल फिरवायचा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे सहसा ओरखडे पडत नाहीत. मिनिटाभरात बोटांखाली राखाडी चिखल जमतो. तो पुसला की चकाकी दिसते आणि गंज जिथून आला ती सुईच्या टोकाएवढी छिद्रं उघडी पडतात. ती तशीच सोडलीत तर पुढच्या पावसात ठिपके परत येणार. म्हणून लगेच वॅक्सचा हात फिरवायचा.

डब्ल्यूडी-४० चा फवारा सोपा आहे, पण तो ओल घालवण्यापुरता धरा, टिकाऊ थर म्हणून नको. आणि ब्रेकच्या डिस्कवर त्याचा थेंबही उडू देऊ नका. क्रोमसाठीचं पॉलिश सायलेन्सरच्या निळसर-सोनेरी झाकेला बरं, कारण ती उष्णतेने येते आणि साबणाने जात नाही. पण पॉलिशही थर झिजवतंच, तेव्हा वर्षातून एकदा-दोनदा पुरे.

गाडी रोज बाहेर उभी राहत असेल आणि वेळ कमी असेल, तर पॉलिशवर पैसे घालू नका. एक डिग्रीजर, एक वॅक्स आणि सुती फडकी घ्या. धुतल्यावर आधी फडक्याने कोरडी करा, मग दोन-तीन किलोमीटर चालवून आणा, म्हणजे फटींतलं पाणी उडून जाईल. नंतर चेनला ल्यूब. वॅक्स मात्र मे महिन्यातही, पावसाआधी लावा. आणि मडगार्डवर क्रोमचे पापुद्रे सुटायला लागले असतील, तर यातलं काहीही विकत घेऊ नका. तिथे नवा मुलामा चढवणं किंवा भाग बदलणं एवढाच उपाय उरतो.