कॅमेरे आमच्या घरात, मालक भलताच

आई-आबा अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी दोघंच राहतात. मी नाशिकला, भाऊ सुरतेला. गेल्या चैत्रात आबा परसात पाय घसरून पडले आणि तासभर कोणाला कळलंच नाही. आई गल्लीत दळण आणायला गेली होती. त्या दिवसानंतर आम्ही बहीण-भावाने ठरवलं, घरी कॅमेरे बसवायचे. हे सगळं लिहायचं कारण पैसे गेले एवढंच नाही. पैशापेक्षा वाईट जे झालं, ते तुमच्याही घरात झालेलं असू शकतं.

आमचं घर जुनं, धाब्याचं. भिंती दीड हात रुंद मातीच्या, मागच्या खोलीवर पत्रे. राउटर ओट्यालगतच्या खोलीत. मधल्या घरात वाय-फाय जेमतेम मिळायचं, परसात अजिबात नाही. ओळखीतून एक कॅमेरेवाला मिळाला. घर फिरून बघितलं, आबांच्या पाया पडला आणि म्हणाला, "ताई, इथे मेश लागेल. तुमचा राउटर फाइव्ह जी नाही, म्हणून कॅमेरे चालणार नाहीत." मेश म्हणजे घरभर एकाच नावाने वाय-फाय पसरवणारे, एकमेकांशी जोडलेले डबे. चार कॅमेरे आणि तीन डब्यांचा मेश सेट, सगळं मिळून ३४,५०० रुपये. सखाराम महाराजांच्या यात्रेआधी काम उरकायचं होतं, घरी पाहुणे येणार होते. मी यूपीआयने पैसे टाकले. बिल म्हणून वहीचा कागद मिळाला, त्यावर 'कॅमेरा ४ नग, मेश १ सेट' एवढंच. जीएसटी नंबर नाही, कॅमेऱ्यांचे सिरियल नंबर नाहीत. माझी पहिली चूक ती.

फाइव्ह जीची बाब आधी स्पष्ट करते, कारण फसवणूक तिथूनच सुरू होते. मोबाइलचं फाइव्ह जी वेगळं आणि वाय-फायची ५ गिगाहर्ट्झ लहर वेगळी. घरगुती वाय-फाय कॅमेरे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. ती लहर वेगाने कमी, पण भिंतीतून जास्त लांब जाते, आणि कॅमेऱ्याला तेवढा वेग पुरतो. म्हणजे कॅमेऱ्यांसाठी आमचा जुना राउटर चालत होता. अडचण फक्त भिंतींची होती.

पुढचे सहा महिने कॅमेरे सारखे 'ऑफलाइन' जायचे. वीज गेली आणि आली की हमखास. दर वेळी कॅमेरेवाला यायचा, काहीतरी करायचा आणि आबांकडून ५०० रुपये घेऊन जायचा. असं पाच वेळा झालं. शिवाय 'रेकॉर्डिंगचा क्लाउड चार्ज' म्हणून वर्षाचे ६,००० वेगळे. आबा मला सांगायचेसुद्धा नाहीत. लेकीला कशाला त्रास, असं त्यांचं.

श्रावणात आई फोनवर म्हणाली, "माय, रातले तो डोया फिरस." म्हणजे रात्री तो डोळा फिरतो. परसातला कॅमेरा मान फिरवणारा होता. मी तिला समजावलं की हालचाल दिसली की तो आपोआप वळतो, मांजर गेली असेल. तिचं समाधान झालं नाही. त्यानंतर ती संध्याकाळी त्याच्यावर खताची रिकामी पिशवी अडकवायला लागली. आमच्याकडे न्हाणीघर परसात आहे. हे मी तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

दिवाळीत माझा भाचा आला, जळगावला इंजिनिअरिंगला आहे. त्याने फोनवर वाय-फायची यादी उघडली आणि विचारलं, "मावशी, ही चार नावं का दिसताहेत? मेशमध्ये घरभर एकच नाव असतं." मग त्याने मधल्या घरातला पांढरा डबा उपटला. मागे मोठ्या अक्षरांत 'मेश' लिहिलेलं स्टिकर होतं, पण एका कोपऱ्यातून सुटलेलं. नखाने सोललं तर खाली दुसरं स्टिकर: 'वाय-फाय रिपीटर, ३०० एमबीपीएस'. तिन्ही डबे तसेच. असा रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो आणि त्याच लहरीवर पुढे बोलतो, म्हणून वेग निम्मा होतो. कॅमेरेवाल्याने तर एकामागे एक लावले होते, म्हणजे निम्म्याचाही निम्मा. आणि परसातला डबा भिंतीच्या पलीकडे, जिथे पहिल्या डब्याचा सिग्नल पोचतच नव्हता. जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे तो लावायचा असतो, सिग्नल संपल्यावर नाही.

भाचा म्हणाला, पासवर्ड बदलू आणि कॅमेरे नव्याने जोडू. पहिलाच कॅमेरा रिसेट केला, जोडायला गेलो तर ॲपने सांगितलं की हे उपकरण आधीच दुसऱ्या खात्याशी जोडलेलं आहे. आमच्या फोनवर सहा महिने दिसणारे चारही कॅमेरे आम्हाला नुसते 'शेअर' केलेले होते. मूळ खातं कॅमेरेवाल्याचं. रिसेटने वाय-फाय पुसलं जातं, पण बऱ्याच कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत मालकाचं खातं कंपनीच्या सर्व्हरवर तसंच राहतं. म्हणजे परसातलं, ओट्यावरचं सगळं तो हवं तेव्हा बघू शकत होता, ऐकू शकत होता, कॅमेरा फिरवू शकत होता. त्याने फिरवला का, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण आईच्या त्या वाक्यानंतर मला नीट झोप लागलेली नाही.

फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "ताई, सगळ्यांचं असंच करतो, मेंटेनन्सला सोपं जातं."

दुसऱ्या दिवशी घरी बोलावलं, भाऊ आणि शेजारचे नाना समोर बसले. त्याने फोन काढून ॲप उघडलं. 'आबा ओटा', 'आबा परस' शोधायला त्याने यादी वर सरकवली आणि ती संपेचना. गोडाऊन, दवाखाना, कुणाचं किचन, कुणाची मागची खोली. मी शेजारी बसून बघत होते. दोन कॅमेरे त्याने आमच्यासमोर खात्यातून काढले. उरलेले दोन त्याच्याकडे आधी कामाला असलेल्या पोराच्या नंबरवर होते आणि तो पोरगा काम सोडून गेला होता. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला, तर त्यांनी खरेदीचं बिल मागितलं. आमच्याकडे वहीचा कागद. ते दोन कॅमेरे वायरी काढून पेटीत ठेवले आहेत.

तक्रार आम्ही केली आहे. १९३० ही सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन आहे आणि cybercrime पोर्टलवरही लिहून देता येतं. दुसऱ्याच्या खाजगी अंगाचं चित्र संमतीविना टिपणं हा आयटी ॲक्टच्या ६६ई कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. ग्राहक म्हणून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. मात्र दोन वर्षांच्या आत जायला हवं. यूपीआयच्या नोंदी, ते सोललेलं स्टिकर आणि कॅमेऱ्याच्या ॲपवरचा मेसेज, सगळ्यांचे फोटो आम्ही जपून ठेवले.

आता घरात काय केलं तेही सांगते. नावाजलेल्या कंपनीचा दोन डब्यांचा मेश सेट पक्क्या बिलावर घेतला आणि ओट्यापासून मागच्या खोलीपर्यंत भिंतीला भोक पाडून लॅनची वायर ओढली. मातीच्या भिंतीला याहून खात्रीचा उपाय नाही. जोडताना कॅमेरा आधी राउटरजवळ आणला, फोन २.४ वर ठेवला (त्यासाठी मेशच्या ॲपमधून ५ गिगाहर्ट्झ थोडा वेळ बंद केलं), वाय-फायच्या पासवर्डची सुरक्षा जुन्या डब्ल्यूपीए-२ प्रकारची ठेवली कारण हे कॅमेरे नुसत्या डब्ल्यूपीए-३ ला जोडलेच जात नव्हते. खातं माझ्या नंबरवर, माझ्या ईमेलवर, आबांना शेअर. रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर होतं, क्लाउडला एक रुपया नाही. राउटरला छोटा यूपीएस लावला, तेव्हापासून वीज परत आली की कॅमेरे आपोआप जोडले जातात. यातलं एकही काम ५०० रुपये देऊन माणूस बोलवावा असं नव्हतं.

त्याच्या यादीत दोन नावं आमच्या ओळखीची होती. त्यांच्याकडे त्याच संध्याकाळी जाऊन आलो. दोघांकडेही कॅमेरे 'शेअर' म्हणूनच निघाले, आणि एकाच्या घरी कॅमेरा बेडरूमच्या दारासमोर होता. बाकीची घरं कोणाची, मला कळायला मार्ग नाही. तुमचा कॅमेरा दुसऱ्याने बसवून दिला असेल तर आज ॲप उघडून त्या कॅमेऱ्याच्या नावाखाली 'शेअर्ड' लिहिलंय का, एवढं बघा.