बाटलीतला आंबा: लेबल वाचून केलेली पारख

आंब्याच्या गोड पेयाची 600 मिलीची बाटली आता टपरीवरही मिळते. चवीला नावं ठेवायला जागा नाही. वास आंब्याचा, गोडी भरपूर, आणि गार असली की घटाघटा जाते. घोळ आहे तो मागच्या बारीक अक्षरांत.

घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिलं नाव पाण्याचं, त्याच्या पाठोपाठ गर आणि साखर. 'फ्रूट ड्रिंक' म्हणून विकायला आपल्याकडे 10 टक्के फळाचा रस पुरतो (लिंबाच्या पेयाला 5 टक्केच), आणि गर बहुतेक वेळा तोतापुरीचा असतो. चित्रात हापूस दिसला म्हणून भुलू नका. 'आयएनएस' हा खाद्यपदार्थांत मिसळलेल्या रंग-आम्लांसारख्या घटकांचा क्रमांक; 'आयएनएस 110' दिसलं तर तो सनसेट यलो हा कृत्रिम रंग. 'आयएनएस 330' म्हणजे सायट्रिक आम्ल.

आता साखरेची ओळ. आकडा 100 मिलीचा आहे की एका 'सर्व्हिंग'चा, हे आधी बघा, फसगत इथेच होते. 100 मिलीला 13 ग्रॅम छापले असतील तर अख्ख्या बाटलीत 78 ग्रॅम, म्हणजे चहाचे 15 चमचे भरून वर थोडी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या शिफारशीनुसार दिवसाला 2000 कॅलरी घेणाऱ्याने अशी साखर 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, 25 च्या आत ठेवली तर आणखी चांगलं. आंब्यातही साखर असतेच, पण फोडी चावून खाव्या लागतात, सोबत तंतू जातात, पोट भरतं. बाटली दोन मिनिटांत रिकामी होते आणि जेवण तेवढंच जातं. रोजची सवय झाली की साखरेतल्या जादा फ्रुक्टोजची (फळसाखरेची) चरबी यकृतात साठू लागते. घरच्या पन्ह्यातला गूळही याच हिशेबात धरायचा.

मुलांनी तासभर घोट घोट पीत बसणं दातांना सगळ्यात वाईट, कारण साखर आणि आम्ल दोन्ही दातांवर खेळत राहतात. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायला लावा. ब्रश अर्ध्या तासाने करा. आम्लाने मऊ झालेलं एनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) लगेच घासलं तर झिजतं.

जुलाब होणाऱ्या मुलाला 'ताकद येईल' म्हणून हे पेय पाजतात, ते कृपा करून थांबवा. ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या द्रावणाच्या, एका लिटरमध्ये ग्लुकोज 13.5 ग्रॅम असतं, इथे साखर त्याच्या जवळजवळ दहापट आणि मीठ नावापुरतं. एवढी साखर आतड्यात पाणी ओढून घेते, जुलाब वाढतात. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचाच.

ही बाटली खरोखर कामाला येते ती एका वेळी. मधुमेहाच्या औषधावर असलेल्या माणसाची रक्तातली साखर 70 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली गेली, घाम फुटला, हात थरथरू लागले, आणि तो शुद्धीवर आहे, गिळू शकतो, तर 120 मिली द्या. त्यात साधारण 15 ग्रॅम साखर जाते. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर तेवढंच परत. सुक्रालोज हा कृत्रिम गोड पदार्थ घातलेली 'शुगर फ्री' बाटली मात्र त्या वेळी काहीच कामाची नाही, म्हणून कपाटात ठेवतानाच लेबल बघून ठेवा.